हुद्दा नाही, पण काम पुढे न्यायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक जण मॅनेजर नाहीत, पण टीममध्ये कुठे घोडं अडलं की लोक त्यांच्याचकडे बघतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. तेच तेच दोनदा लिहिण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हुद्दा नसताना नेतृत्व करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

काम पुढे सरकेल याची काळजी स्वतःहून घ्यायची आणि माणसांवर हुकूम चालवायचा नाही. मॅनेजरकडे दोन्ही असतं: कामाची जबाबदारी आणि माणसांवरचा अधिकार. रजा मंजूर करणं, कामं वाटणं, मूल्यमापन, पगारवाढीची शिफारस हे सगळं त्याच्या अखत्यारीत. तुमच्याकडे यातलं काही नाही आणि असल्याचा आव आणायलाही जाऊ नका. पण कुठला प्रश्न लोंबकळतोय, कुणाची माहिती कुणापर्यंत पोचलेली नाही, कालच्या चर्चेत नक्की काय ठरलं, एवढं बघायला कुणाची परवानगी लागत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका फरकावर उभी आहेत.

२. माझ्या हातात काहीच नाही, मग लोक माझं का ऐकतील?

एक माणूस दुसऱ्यावर प्रभाव टाकतो तो कशाच्या जोरावर, याची पाच कारणं जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली: पदाचा हक्क, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, जाणकारी आणि त्या माणसाविषयीचा आदर किंवा ओढ. १९६५ मध्ये रेव्हन यांनी त्यात सहावं जोडलं, माहिती. पहिली तीन बहुतेक वेळा हुद्द्याबरोबर येतात आणि हुद्द्याबरोबर जातात. उरलेली तीन कुणालाही कमावता येतात.

त्यातली माहिती किती वजनदार असते, हे हॅरल्ड लीव्हिट यांच्या १९५१ च्या प्रयोगात दिसलं. पाच जण एका टेबलाभोवती बसवलेले, मध्ये आडोसे, बोलणं बंद, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या. प्रत्येकाकडे काही चिन्हं, त्यातलं सगळ्यांकडे असलेलं एक शोधायचं. काही गटांत सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसाकडून जातील अशी रचना होती. शेवटी ‘तुमच्या गटात कुणी नेता होता का?’ असं विचारल्यावर बहुतेकांनी त्या मधल्या माणसाकडे बोट दाखवलं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तो जास्त हुशार होता म्हणून तिथे बसवला होता, असंही नाही.

यातून काही जण भलताच धडा घेतात आणि माहिती दाबून बसतात, म्हणजे सगळ्यांना आपल्याकडे यावंच लागेल. त्याच प्रयोगात, ज्या गटांत कुणीच मध्यभागी नव्हतं तिथल्या लोकांना काम जास्त आवडलं होतं. तेव्हा मध्यभागी जरूर बसा, पण आलेली चिठ्ठी पुढे पाठवत राहा.

३. सुरुवात कुठून करू?

दोन जणांची कामं जिथे एकमेकांना भिडतात तिथून. आपापलं टेबल सगळेच नीट सांभाळतात, दोन टेबलांमधली जागा कुणाचीच नसते.

समजा, ग्राहकाने परत पाठवलेला माल गोदामात येतो. तिथे त्याची नोंद होते. हिशेब विभागाला पैसे परत करायला मूळ पावतीचा क्रमांक लागतो. ग्राहकसेवेला फक्त तारीख हवी असते. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो आणि तरी ग्राहक महिनाभर फोन करत राहतो, कारण गोदामाच्या नोंदीत पावती क्रमांकाचा रकानाच नाही. हिशेब विभागातलं कुणीतरी रोज दुपारी फोन लावतं, पलीकडचा माणूस चिकटपट्टी काढून खोका उघडतो, क्रमांक वाचून दाखवतो, खोका पुन्हा बंद करतो. हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं. ‘आपल्याकडे असंच चालतं’ म्हणून कुणी काही बोलत नाही.

इथे पुढाकार घेणारा माणूस एका खोक्याबरोबर शेवटपर्यंत जातो, तो कुठे किती थांबला ते एका कागदावर उतरवतो आणि तिन्ही ठिकाणी दाखवतो. मग म्हणतो, ‘नोंदीत हा एक रकाना वाढवून पुढचा आठवडाभर बघूया का? नाही जमलं तर जुनं आहेच.’ बदल लहान, मुदतीचा आणि मागे घेता येण्यासारखा असला की त्याला नाही म्हणायला कारण सापडत नाही.

दुसरी चांगली जागा म्हणजे मीटिंग संपल्यानंतरची दहा मिनिटं. चार ओळींचा निरोप पुरतो: ‘आज ठरलं: नवा फॉर्म सोमवारपासून. मजकूर हिशेब विभाग गुरुवारपर्यंत तपासणार. जुन्या प्रती संपेपर्यंत चालतील. न ठरलेलं: जुन्या नोंदींचं काय करायचं. माझ्याकडून काही सुटलं असेल तर दुरुस्त करा.’ यातली ‘न ठरलेलं’ ही ओळ सोन्याची आहे. बहुतेक भिजत घोंगडी तिथेच पडलेली असतात. (हे काम कायमचं तुमच्याच गळ्यात पडायला लागलं तर प्रश्न १२ बघा.)

४. मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनियर मीच असते. तोंड कधी आणि कसं उघडायचं?

लवकर. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा तिच्यातला एक मुद्दा. वरवर औपचारिक वाटतो. पण एकदा आवाज निघालेला माणूस पुढे काही खटकलं तर गप्प बसत नाही, असा त्यामागचा विचार आहे. तुमच्या मीटिंगमध्ये अशी सोय नसेल तर स्वतःच करून घ्या: पहिल्या काही मिनिटांत एखादा साधा प्रश्न विचारा. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं.

मत मांडण्याआधी एक ठोस गोष्ट हाताशी ठेवा. ‘मला वाटतं हे चालणार नाही’ यापेक्षा ‘गेल्या वेळी याच पायरीला तीन दिवस गेले होते’ याला वजन आहे, मग बोलणारा कुणीही असो.

५. मी नुकतीच रुजू झाले आहे. किती थांबू?

एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये मांडलेला विचार इथे कामाला येतो. गटाच्या रीती पाळून आणि उपयोगी पडून माणूस आधी पत जमवतो, मग वेगळं काही सुचवताना ती खर्च करतो. नव्या माणसाची शिल्लक थोडी असते, म्हणून त्याची चांगली सूचनाही आगाऊपणा वाटते. तीच सूचना सहा महिन्यांनी केली की सगळे मान डोलावतात.

थांबायचं ते बदल सुचवायला. प्रश्न विचारायला आणि कबूल केलेलं वेळेत द्यायला पहिल्या दिवसापासून मोकळीक आहे. मधल्या काळात जे जे विचित्र वाटतं ते वहीत लिहून ठेवा, कारण काही महिन्यांनी तुम्हालाही ते दिसेनासं होईल. आणि ‘आमच्या आधीच्या कंपनीत ना...’ अशी सुरुवात कधीच करू नका. पुढचं वाक्य कुणी ऐकत नाही.

६. ‘हा कोण लागून गेला?’ असं माझ्या पाठीमागे बोलतात. पुढाकार आणि लुडबुड यात फरक काय?

ज्याचं काम आहे त्याला आधी विचारलं की नाही, हा सगळ्यात मोठा फरक. एका सहकाऱ्याच्या अहवालात बेरीज चुकली आहे. ‘तुझा तक्ता चुकला होता, मी दुरुस्त करून साहेबांना पाठवून दिला’ हा शुद्ध चोंबडेपणा, भले बेरीज बरोबर केली असेल. ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज मला जुळत नाहीये, तू कुठला आकडा धरलायस?’ यात दुरुस्ती त्याच्याच हातून होते. हाच प्रश्न दहा जणांना प्रतीत ठेवून विचारला तर तो पुन्हा लुडबुडीतच जमा.

आणखी एक बघा. तुमच्या सूचनेमुळे वाढणारं काम कोण करणार? उत्तर ‘दुसरे कुणीतरी’ असेल तर लोकांचं कुजबुजणं रास्त आहे. उंटावरून शेळ्या हाकायला हुद्दा लागतो असं थोडंच आहे.

बाकी, थोडी कुजबुज होणारच. तिला उत्तर देत बसू नका.

७. बरोबरीच्या सहकाऱ्याकडून काम कसं काढून घ्यायचं? तो ‘करतो, करतो’ म्हणतो.

‘जमलं तर जरा बघ ना’ असं म्हटलं की ते जमत नाही. विनंती अशी हवी की ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते परत विचारावं लागू नये. उदाहरणार्थ:

‘मला बुधवारी चारपर्यंत फक्त पहिले दोन तक्ते हवेत, बाकीचे पुढच्या आठवड्यात चालतील. गुरुवारी सकाळी मजकूर छपाईला जातोय. बुधवार जमणार नसेल तर आजच सांग, म्हणजे मी छपाईची वेळ पुढे ढकलून घेते.’

इथे मागणी कापून लहान केली आहे आणि तारखेमागचं खरं कारण दिलं आहे. त्याहून मोलाचं म्हणजे ‘नाही’ म्हणायला वाट ठेवली आहे. हुद्दा नसलेल्या माणसाला खोटा होकार सगळ्यात महागात पडतो, कारण नंतर त्याच्याकडे दटावण्याचं साधन नसतं. वेळेवर मिळालेला नकार त्यापेक्षा कितीतरी बरा.

तरी उशीर झाला तर आळशी ठरवण्याआधी शेजारी जाऊन विचारा, ‘सध्या तुझ्याकडे काय काय आहे?’ पुष्कळदा त्याच्या साहेबाने दुसरंच काम आधी करायला सांगितलेलं असतं. मग हा मामला तुम्हा दोघांचा राहत नाही, पुढचा प्रश्न वाचा. आणि एरवी त्याचं काम अडलं असेल तेव्हा न मागता मदत करत जा. मात्र हिशेब ठेवून केलेली मदत लोकांना लगेच ओळखू येते.

८. शेवटी वर सांगावं लागलं तर ती चुगली नाही का?

त्याच्या नकळत सांगितलं तर चुगली. आधी त्यालाच सांगा: ‘आपल्या दोघांकडे दोन वेगळ्या तारखा आहेत, हे आपण दोघं मिळून विचारूया.’ मग मॅनेजरपुढे प्रश्न मांडायचा तो कामाचा: ‘हे आधी की ते आधी?’ हा निर्णय घेणं हेच त्याचं काम आहे, त्याला त्यात त्रास दिल्यासारखं वाटायचं कारण नाही.

शब्द देऊन वारंवार न पाळणारा कुणी असेल तर प्रश्न ३ मधले निरोप उपयोगी पडतात. तारखा तशाच पुढे ठेवा, विशेषणं लावू नका.

९. साहेबच चुकीच्या दिशेने चाललेत असं दिसतंय. कसं सांगू?

याचं उत्तर विमानवाल्यांनी फार मोठी किंमत मोजून शोधलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जम्बो विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने शंका काढली होती: ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही का? ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे उत्तर दिलं की पडलंय, आणि विषय तिथेच संपला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडात गुंतून इंधन संपल्यामुळे कोसळलं. इंधन कमी होतंय हे सोबतचे बोलले होते, पण कॅप्टनला खडबडून जागं करील इतकं स्पष्ट नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने याचं प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे ते जगभर रुजलं. त्यात हाताखालच्यांना बोलायला शिकवतात आणि कॅप्टनला ऐकायला.

त्यातली एक सवय ऑफिसातही चालते. नाव घेऊन लक्ष वेधा, चिंता आहे हे सांगा, कारण सांगा, उपाय सुचवा, उत्तर मागा. ‘सर, मला या तारखेची काळजी वाटतेय. तपासणीला पाच दिवस लागतात आणि आपल्याकडे दोनच आहेत. आधी अर्धाच भाग पाठवूया असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं?’ यात उद्धटपणा कुठे नाही आणि आडपडदाही नाही. ‘नाही म्हणजे, बघा, कदाचित थोडं टाइट होईल का...’ हे सौजन्य वाटतं, पण समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही.

शक्यतो एकट्यात बोला. निर्णय त्याच खोलीत, त्याच मिनिटाला होत असेल तर मात्र सगळ्यांसमोर. आणि ऐकून घेऊनही त्यांनी दुसरंच ठरवलं तर? नुसता मतभेद असेल तर मनापासून त्यांच्या पद्धतीने करा. ‘मी म्हटलं नव्हतं?’ या वाक्यासाठी काम बिघडण्याची वाट बघत बसणारा माणूस टीमला नको असतो. धोका किंवा बेकायदा काही असेल तर प्रश्न १५.

१०. माझ्या पुढाकाराने मॅनेजरच अस्वस्थ होतात. काय करू?

बहुतेकांना अस्वस्थ करतो तो अचानक बसणारा धक्का. आपल्याच टीममधली गोष्ट दुसऱ्या विभागाच्या मॅनेजरकडून कळली की कुणालाही राग येईल. म्हणून एकदा बसून सरळ विचारा: कुठल्या गोष्टी तुम्हाला विचारून करू, कुठल्या करून कळवू, कुठल्या कळवायचीही गरज नाही? उत्तर लिहून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा. पहिली यादी आखडत जायला हवी.

काही मॅनेजर मात्र कशानेच सैल होत नाहीत. त्यांच्या हाताखाली स्वतःला सिद्ध करत वर्षं घालवण्यात अर्थ नाही. बदली बघा.

११. काम मी करतो, श्रेय दुसराच घेऊन जातो.

आधी हे नक्की करा की खरंच लाटलं गेलंय. मॅनेजरने वर सांगताना ‘आमच्या टीमने केलं’ म्हणणं ही रीत आहे. तुमची कल्पना सहकाऱ्याने स्वतःची म्हणून मांडली तर तिथल्या तिथे, हसत: ‘हो, मी मघाशी म्हणत होते तेच. त्यात पुढचा भाग असा आहे की...’ आणि पुढचा भाग तुम्हीच सांगा. आयत्या बिळावरच्या नागोबाला पुढचा भाग सहसा येत नसतो. सारखंच होत असेल तर एकट्यात स्पष्ट बोला.

याच्या उलट, इतरांचं श्रेय तुम्ही लेखी, नाव घेऊन देत जा. असं करणाऱ्याचं नावही लोकांच्या लक्षात राहतं.

१२. टिपणं काढणं, नव्यांना शिकवणं, वाढदिवस लक्षात ठेवणं सगळं माझ्याच गळ्यात. हेच का ते नेतृत्व?

यातलं काही आहे, बरंचसं नाही. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिघांच्या गटाला एक बटण दाबायचं होतं. कुणीतरी दाबणं सगळ्यांच्या फायद्याचं, पण दाबणाऱ्याला इतरांपेक्षा कमी पैसे. स्त्री-पुरुष मिश्र गटांत स्त्रिया ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. फक्त स्त्रियांच्या आणि फक्त पुरुषांच्या गटांत हा फरक नाहीसा झाला. म्हणजे स्वभावापेक्षा ‘ती करेलच’ ही सगळ्यांची अपेक्षा जास्त काम करत होती. स्वयंसेवक निवडायची पाळी आली तेव्हाही स्त्रियांनाच जास्त विचारलं गेलं, विचारणारा पुरुष असो की स्त्री.

तेव्हा कसोटी ही लावा: या कामामुळे पुढच्या निर्णयात माझं म्हणणं येतं का? ठरलेल्या गोष्टी लिहिणाऱ्याचं येतं. केक मागवणाऱ्याचं येत नाही. दुसऱ्या प्रकारची कामं आळीपाळीने वाटा आणि ती पाळी नावांसह लिहून लावा. ‘यावेळी कोण करतंय?’ असं विचारून गप्प राहिलात तर शेवटी तुम्हीच कराल. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला कुणी सेनापती करत नाही.

१३. आता सगळे माझ्याकडेच येतात. माझं स्वतःचं काम राहतं.

हा यशाचा दुष्परिणाम. रॉब क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं होतं की बहुतेक ठिकाणी उपयोगाच्या सहकार्यातलं २० ते ३५ टक्के फक्त ३ ते ५ टक्के लोकांकडून येतं. या मूठभरांत तुम्ही सापडलात तर एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तर लिहून सगळ्यांना दिसेल तिथे ठेवा. तिसऱ्यांदा आला की विचारणाऱ्याला दुसऱ्या जाणकाराकडे पाठवा. सुरुवातीला जरा टोचतं, कारण आपल्यावाचून अडतंय ही भावना गोड असते.

१४. मी अबोल आहे आणि घरूनच काम करतो. मला हे जमेल?

जमेल. लेखी काम तुमच्या बाजूचं आहे: नीट मांडलेला प्रश्न, मीटिंगआधी पाठवलेलं एक पान, प्रश्न ३ मधला निरोप. एवढं मात्र बघा की ज्यांच्यावर तुमचं काम अवलंबून आहे त्यांच्याशी अधूनमधून प्रत्यक्ष आवाजात बोलणं होतंय, आणि तेही काम अडलेलं नसताना.

१५. कुठे पुढाकार घेऊच नये?

पगार, शिस्तभंग, कुणाची प्रकृती आणि छळाच्या तक्रारी. सहकारी विश्वासाने तुमच्याकडे आला तर ऐकून घ्या, नियमाप्रमाणे कुठे जाता येईल ते सांगा, हवं तर सोबत जा. चौकशी किंवा तडजोड करायला बसू नका. चार लोक मानतात म्हणून घरगुती पंचायत भरवणाऱ्यांनी अशा प्रकरणांत तक्रारदाराचंच नुकसान केलेलं आहे.

उलट टोकाला सुरक्षितता. तिथे हुद्द्याचा विचारच नको. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढायची (हल्ली अनेक ठिकाणी बटण दाबायची) मुभा आहे. आधी मदतीला माणूस धावतो, ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नसेल, पण ‘थांबा’ म्हणायला ती लागत नाही. बेकायदा काही दिसलं तर तोंडी कुरकुर पुरत नाही, नेमून दिलेल्या यंत्रणेकडे लेखी कळवायचं.

१६. मॅनेजरचं काम करून घेतात, पद देत नाहीत. किती दिवस चालवून घ्यायचं?

जबाबदारी आधी आणि हुद्दा नंतर, हे पुष्कळ ठिकाणी चालतं आणि काही काळ ते ठीकही आहे. पण तो काळ किती, हे सुरुवातीलाच बोललं गेलं पाहिजे. काम स्वीकारतानाच विचारा: ‘हे किती दिवसांसाठी? तेव्हा कशावरून ठरवणार? ठरवणार कोण?’ तिसरा प्रश्न लोक विसरतात. तुमचा मॅनेजर दर वर्षी मनापासून शिफारस करत असेल आणि पदं मंजूर करणारा माणूस तुम्हाला ओळखतही नसेल, तर ‘पुढच्या वेळी नक्की’ हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

मागायला जाताना तक्रार नको, नोंद हवी: कुठली कामं आधी मॅनेजर करत होता आणि आता तुम्ही करता, कधीपासून, त्याने काय बदललं. मुदत उलटूनही उत्तर मोघमच आलं तर वाढीव कामं एकेक करून परत करा, आणि आधी सांगून करा: ‘पुढच्या महिन्यापासून आठवड्याचं नियोजन तुमच्याकडे देतो.’ रागाने एकदम हात वर केले तर बाकीच्या टीमची फरफट होते आणि बोल तुम्हालाच लागतो. बाहेर अर्ज करताना हीच नोंद कामाला येते, ही जमेची बाजू.

१७. मला मॅनेजर व्हायचंच नाही. तरी हे सगळं का करू?

नका करू, सक्ती नाही. पण ज्यांना स्वतःच्या कामातच वर जायचं आहे त्यांना याचा उपयोग होतो, कारण मोठी कामं एकट्याने होत नाहीत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या डब्ल्यू. एल. गोर या कंपनीत नेहमीची अधिकाऱ्यांची उतरंड नाही आणि ज्याच्यामागे लोक आपणहून येतात तो नेता, असं ते मानतात. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवाय वाजवतो, प्रत्येक रचनेसाठी वेगवेगळे वादक पुढे होतात. दोन्ही ठिकाणी शिस्त नाही असं समजू नका. कुठल्या कामाला कोण पुढे, हे तिथे फार काटेकोरपणे ठरलेलं असतं.

१८. मी पुढाकार घेतला आणि फसलं, तर जबाबदार कोण?

कागदोपत्री ज्याचा अधिकार तो, म्हणजे बहुधा मॅनेजर. लोकांच्या मनात तुम्ही. त्यामुळे मागे घेता न येणारं पाऊल, मोठा खर्च, बाहेरच्या ग्राहकाला दिलेला शब्द या तीन ठिकाणी आधी लेखी होकार घ्या. फसलंच तर पहिली बातमी तुमच्याकडून जाऊ द्या: काय झालं, किती नुकसान, आत्ता काय चालू आहे. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी केली तरी चालते.

१९. बढती दुसऱ्याला मिळाली. लोक अजूनही निर्णयासाठी माझ्याकडेच येतात. काय करू?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि यात सुखावून जाण्याचा मोह फार मोठा असतो. सवतासुभा उभा राहायला वेळ लागत नाही.

वाईट वाटणं साहजिक आहे. ते मॅनेजरच्या मॅनेजरशी एकदा बोलून घ्या: मी कुठे कमी पडलो, पुढची संधी कधी? टीममध्ये बोलू नका, जवळच्या दोघांपाशीही नाही. मग नव्या मॅनेजरबरोबर बसा. तोही कदाचित तुमची भेट टाळत असेल, म्हणून वेळ तुम्हीच मागा. प्रश्न १० मधली विभागणी त्याच्याशी करा आणि टीमला ती दोघांनी मिळून सांगा.

त्यानंतर कुणी आलं की दोन प्रकार करा. कामातली माहिती हवी असेल तर पूर्वीसारखी द्या, ती तुमच्याकडे आहेच. निर्णय हवा असेल तर ‘हे त्यांना विचार, माझं मत मी त्यांना सांगितलंय’. दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी खरंच आधी सांगितलेलं असावं लागतं. आणि ‘तूच हवा होतास रे’ असं कुणी म्हटलं तर ‘बरं, तुझं काम कुठे अडलंय?’ असं विचारून पुढे जा.